काका डाव्या दारानं चढले

रात्रीचे पावणेबारा झालेत. हाताचा डिझेलचा वास दोनदा साबण लावून, एकदा लिंबू चोळून पण जात नाहीये. झोप येईना म्हणून लिहायला बसलो. आज खरं म्हणजे अख्ख्या इंदुरात माझ्याइतका खुश माणूस नसायला हवा होता, दीड वर्षाचे रविवार घातलेत बाबांच्या त्या जुन्या ट्रकमध्ये, आणि आज ती शेडमधून स्वतःच्या इंजिनावर बाहेर आली, विहिरीपर्यंत गेली, वळली, परत आली. आईनं नारळ फोडला, टायरला हळदकुंकू लावलं. सगळं झालं. पण डोक्यात सकाळपासून एकच फिरतंय. काका डाव्या दारानं चढले.

एवढंच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल यात काय आहे. मी स्वतःलाही दिवसभर हेच म्हणतोय, पण रुखरुख काही जात नाही.

काका म्हणजे बाबांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर. दादा त्यांना महूहून घेऊन आला साडेनऊला. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, इस्त्री केलेला. गमछाला इस्त्री मी पहिल्यांदा बघितली. मी तेव्हा वर स्टेअरिंगवर बसलेलो, इंजिन तापवायचा हीटर लावायच्या तयारीत. काका गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले, मागच्या फाळक्याची साखळी उचलून परत सोडली, टायरला हात लावला, मग समोर येऊन जाळीवरचा तारा गमछानं पुसला. तो मी आदल्या दिवशी पॉलिश लावून चकचकीत केलेला होता, तरी पुसला. १९६६ ची गाडी आहे, तेव्हा टाटाच्या ट्रकवर मर्सिडीजचाच तारा असायचा, १९५४ चा करार होता त्यांचा, तो १९६९ ला संपला आणि नंतरच्या गाड्यांवरून तारा गेला. काका रोज सकाळी आधी तारा पुसायचे, मग अगरबत्ती, मग चावी. मी वरून ओरडलो, आइए काका, बैठिए. ते उभे होते उजव्या बाजूला, माझ्या दारापासून दोन हातांवर. तिथून ते बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले, डावं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि खलासी साइडला, म्हणजे क्लीनरच्या जागी बसले. गमछा घडी करून मांडीवर.

२४ वर्षं चालवली त्यांनी ही गाडी. १९७९ ला बाबांनी सेकंडहँड घेतली तेव्हापासून २००३ ला शेडमध्ये लागली तोपर्यंत. बटाटा, लसूण, सोयाबीन, लग्नातली मंडळी, एकदा तर आत्याचं सगळं बिऱ्हाड. भेरू घाट रात्री उतरवायचे आणि खाली आल्यावर चहाला थांबायचे, वर कधीच नाही. आणि आज ते माझ्या बाजूला बसले, मी चालवतोय आणि ते बसलेत.

दादाला संध्याकाळी बोललो तर तो म्हणे अरे त्यांचा डावा गुडघा गेलाय, क्लच दाबवेल का त्यांना. बरोबर आहे. तो क्लच मलाच दहा मिनिटांत मांडीत गोळा आणतो. पण क्लच दाबायचा प्रश्न नंतरचा, आधी चढायचं तर होतं, आणि उजवं दार जवळ होतं, तरी ते गुडघा घेऊन वळसा घालून गेले. म्हणजे ठरवून गेले.

मी खाली का उतरलो नाही, हेच मला कळत नाहीये.

खोटं कशाला लिहू, सुचलं होतं. अर्धा सेकंद हात दाराकडे गेला पण. मग वाटलं आता उतरलो तर सगळं परत पहिल्यापासून, आणि मग वाटलं... त्यांनी बघावं. मी चालवताना बघावं. लहानपणी त्या सीटवर त्यांनी एकदाही बसू दिलं नाही मला, गाडी बंद असली तरी नाही. म्हणायचे ये खेलने की जगह नहीं है. बाबासुद्धा कधी तिथे बसले नाहीत, मालक असून, मंडीला जाताना डाव्या दारानंच चढायचे आणि हिशोबाची वही मांडीवर ठेवायचे. बाबांबद्दल आज नको.

गाडीत काय काय झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. इंजिन जाम होतं. वीस वर्षं उभं म्हटल्यावर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लायनरला धरलेल्या, पुलीच्या नटाला पान्हा, पान्ह्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो तरी केसभर हलेना. मिस्त्री म्हणाले जोर लावू नका, पाजा. मग सहाही सिलिंडरमध्ये हीटरच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल, दर रविवारी थोडं थोडं, असे पाच रविवार. सहाव्या रविवारी पाइप एकदम हातात सैल आला, मला वाटलं बोल्ट तुटला, पण पंख्याचं पातं हललं होतं. चार बोटं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलोच नाही, इतका आनंद झालेला.

बॉडीच्या फळ्या काढल्या तर फटींमधून सोयाबीन निघालं, खड्यासारखं टणक, धुळीत काळं पडलेलं. मूठभर डबीत ठेवलंय. का ठेवलंय माहीत नाही.

इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपानं मात्र रडवलं. डिझेल आत सुकून डिंकासारखं झालेलं, डिझेल कमीजास्त करणारी आतली पट्टी, रॅक, सरकत नव्हता. पंपात प्रत्येक सिलिंडरचं वेगळं एलिमेंट असतं, प्लंजर आणि त्याचा बॅरल जोडीनं घासून बसवलेले, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. ज्याच्याकडे दिला त्यानं चार महिने ठेवला आणि परत दिला तेव्हा डिझेल फवारणारे नोझल भलतेच, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे. लोहामंडी, देवास नाका, सियागंज, सगळीकडे हिंडलो. मग हीटर. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या चेंबरमध्ये पेटतं, थंड असताना तो चेंबर तापवावा लागतो, आणि सहाही हीटर एकाच माळेत आहेत, एकाची तार गेली की सहाही थंड, दिवाळीच्या जुन्या लायटिंगसारखं. कुठला गेलाय ते शोधायला दोन रविवार.

आणि गुरुवारी, सुट्टी टाकून गेलो होतो, डिझेलच्या लाइनमधली एअर काढत बसलो. हँड पंप मारत राहायचं आणि फिल्टरवरचा स्क्रू अर्धा आटा सैल ठेवायचा. आधी नुसता फेस येतो, पांढरा, फुसफुसत. मग मोठे बुडबुडे, मग लहान, मग मोहरीएवढे, आणि मग अचानक बुडबुडाच नाही, काचेसारखी सलग धार बोटावरून मनगटापर्यंत. तेव्हा स्क्रू बंद करायचा. मी दोन सेकंद उशीर केला मुद्दाम. ती धार बघतच राहावीशी वाटत होती.

हे सगळं कुणाला सांगू? आज दुपारपर्यंत मला हेही लागून राहिलं होतं. दादानं दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि त्याचा फोन आला, तो गेला बाजूला. घरी आलो तर ही म्हणाली चला, आता रविवारी घरी राहशील. मिस्त्री पैसे मोजून गेले. पोरं आलीच नाहीत, परीक्षा. दीड वर्ष, आणि किती पैसा घातला तो आकडा मी इथेसुद्धा लिहिणार नाही. आणि कागदांचं तर काहीच होत नाहीये, २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी, मी किती आशेनं वाचले होते, पण त्यात फक्त दुचाकी आणि माणसं बसायची चारचाकी. माल ओढणाऱ्या गाडीला त्यात जागाच नाही. कार असती आणि कुण्या सेठची असती तर तिच्यासाठी रकाना होता. मला फार लागलं होतं ते तेव्हा. आज काकांकडे बघताना ते परत आठवलं, का ते कळलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडून ऐकायचं होतं, आणि ते काहीच बोलले नाहीत. अच्छा है, इतकंही नाही.

म्हणजे बोलले, एकदा. मी हीटर धरून ठेवला होता, डॅशबोर्डवर जाळीमागची तार लाल व्हायची वाट बघत. ती लाल झाली तरी मी धरूनच होतो, भीतीनं. ते समोर बघत म्हणाले, अब छोड़ दे, तार लाल हो गई. मी सोडला, स्टार्टर दाबला, दोनदा आचका दिला तिनं आणि धरली. पांढरा धूर, इतका की दादा दिसेनासा झाला, मग हळूहळू विरळ होत गेला आणि आवाज एकसारखा झाला. १-५-३-६-२-४, याच क्रमानं सिलिंडर पेटतात, मला प्रत्येक वेगळा ऐकू येत होता असं वाटलं. काकांनी डोळे मिटले होते. किंवा धूर लागला असेल.

मग शेडमधून बाहेर काढायची होती. फाटक अरुंद, डावीकडे कडुनिंबाचं खोड, मला आरशात काही दिसेना. मी काही म्हणायच्या आत काकांनी अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं आणि मागे बघत हाक द्यायला लागले. आने दे. आने दे. आने दे. थोडा काट. आने दे. आवाज एकदम वेगळा, तरण्या पोराचा वाटावा असा. आणि खोड मागे गेल्यावर तळहातानं दारावर दोन थापा. ठक ठक. म्हणजे जाऊ दे.

मी त्या थापांवर क्लच सोडला. विचार न करता. आणि नंतर विहिरीपर्यंत मला रस्ता नीट दिसला नाही.

ते चौदाव्या वर्षी खलासी म्हणून लागले होते, दुसऱ्या कुणाच्या गाडीवर, हे त्यांनीच सांगितलेलं कधीतरी. तो माणूस डावीकडून थापा मारतो तेव्हा स्टेअरिंगवरचा उस्ताद असतो. मला उस्ताद व्हायचं नव्हतं. की व्हायचं होतं? आणि ते तिथे खलासी म्हणून बसले की बाबांच्या जागेवर बसले? दोघांची जागा तीच. हे त्यांना विचारता येणार नाही, विचारलं तर म्हणतील अरे भैया, बैठना था, बैठ गए. आणि कदाचित तेवढंच असेलही. संध्याकाळपासून मला हे जरा पटायला लागलंय. त्यांनी ती हाक दिली तेव्हा त्यांना बरं वाटत होतं, ते मी ऐकलंय. अच्छा है म्हणायला आले नव्हते ते, गाडी काढायला आले होते आणि गाडी काढली. माझं कौतुक राहू दे.

तरी मी उतरायला हवं होतं.

आत्ता लिहिता लिहिता एक आठवलं आणि पेन खाली ठेवून बसलो पाच मिनिटं. उजव्या दाराचं बाहेरचं हँडल चालतच नाही. मी खिडकीतून हात घालून उघडतो. ते आधीपासून तसंच आहे, काकांच्या वेळेपासून, काकाच तर खिडकीतून हात घालून उघडायचे. म्हणजे ते माझ्या दारापाशी उभे होते तेव्हा त्यांना माझ्या मांडीवरून आत हात घालावा लागला असता. किंवा मी आतून उघडायला हवं होतं. ते किती वेळ उभे होते तिथे? मला आठवतंय ते तारा पुसून परत उजवीकडे आले होते.

पुढच्या रविवारी परत बोलावलंय, हो म्हणालेत. दादा घेऊन येईल. हँडलच्या आतली स्प्रिंग तुटली असणार, उद्या ऑफिसनंतर सियागंजला बघतो, नाही मिळाली तर मिस्त्रींना तार वाकवून करायला सांगतो. बिजागरीला पण ऑइल. आणि मी खाली उभा राहीन, दार उघडं धरून. त्यांना चालवायची नसेल तर नसू दे. क्लचचं काय ते बघू.