माठ झिरपायला पाहिजे, चकती नको

खानापुरात आमचं घर कुंभाराचं. आज्जानं आयुष्यभर माठ-घागरी केल्या आणि मी बेळगावात लॅबमध्ये सिरॅमिकच्या चकत्या भाजत बसतोय, म्हणजे धंदा काय सुटला नाही. मागच्या रविवारी घरी गेलो तर खिशात एक फुटकी चकती होती, ती बघून आज्जा म्हणाला, "काय करालास गा हे, बटन काय?"

मग सांगत बसलो. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मधे ही चकती. हवेतल्या ऑक्सिजनचे आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, चकतीतनं पलीकडं जातात, तिथं हायड्रोजनला मिळून पाणी होतं, आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतनं फिरून येतात, तीच वीज. चकतीतनं गॅस जायला नको, इलेक्ट्रॉन पण नकोत, फक्त आयन. आज्जा थोडा वेळ गप्प, मग म्हणतो, "म्हणजे झिरपाय नको, पण झिरपाय पाहिजे." मी हेच पहिल्या सेमिनारला वीस मिनिटं घेऊन सांगितलेलं.

माठ कमी आचेवर भाजतात, बारीक भोकं राहतात, पाणी झिरपून उडतं म्हणून गार. माझी चकती मात्र ९५ टक्क्यांच्या वर घट्ट व्हायला पाहिजे. मग आयन जातो कुठनं? तर भोकातनं नाही, खुद्द स्फटिकातनं. सेरियम ऑक्साइडमधे, म्हणजे सेरियात, थोडं गॅडोलिनियम घालायचं. सेरियमचा चार्ज चार, गॅडोलिनियमचा तीन, त्यामुळं दोन गॅडोलिनियममागं ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते आणि आयन त्या रिकाम्या जागांवरनं उड्या मारत जातात. लग्नाच्या पंगतीत एक उठला की शेजारचा सरकतो तसं.

अशा चकतीचा जुना आणि भरवशाचा माल म्हणजे यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलेला झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड). (उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्याला झिरकॉनचा वॉश मारतात बघा, झिर्कोनिया त्याच झिरकॉनपासनं काढतात.) पण त्याला नीट चालायला ८०० ते १००० डिग्री लागतं, तेवढ्या आचेला आजूबाजूचे धातू, सील सगळंच महागडं घ्यावं लागतं. ५०० ते ७०० वर आणलं की साधं स्टेनलेस स्टील पण चालतं, म्हणून सगळे सेरियाच्या मागं. त्यातही खोड आहेच, हायड्रोजनच्या बाजूला सेरियम चारचा तीन होतो आणि चकतीतनंच इलेक्ट्रॉन गळायला लागतात, व्होल्टेज पडतं. तापमान ६०० च्या खाली ठेवलं तर गळती बरीच कमी. दुसरा माल लँथनम गॅलेट, त्यात ही गळती फारशी नाही, पण त्यातलं गॅलियम महाग आणि हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडातल्या निकेलशी त्याचं पटत नाही. तिसरा बेरियम सेरेट, त्यातनं ऑक्सिजनऐवजी प्रोटॉन (हायड्रोजनचे आयन) छान पळतात, पण कार्बन डायऑक्साइड लागला की कार्बोनेट होऊन बसतं. सगळे गुण एकात कुठं असतात म्हणा.

माझं दुखणं मात्र भट्टीचं. १४५० पर्यंत न्यायचं, मिनिटाला तीन डिग्री, म्हणजे चढायलाच आठ तास, वर चार तास मुरवायचं, आणि जुलैतला बेळगावचा पाऊस. अकरा तास झाले आणि लाईट गेली. सकाळी दार उघडलं तर चार चकत्यांपैकी तीन तडकलेल्या. एक अख्खी होती, तिच्यावर शाईचा थेंब टाकला, तो आत शिरला. म्हणजे ती पण माठच.

आज्जाला हे सांगितलं तर हसला नाही. आवा अर्धवट विझला की काय होतं हे त्याच्यापेक्षा कुणाला ठाऊक. फक्त चकती घेऊन नखानं टिचकी मारली, कानाला लावली, म्हणाला कच्ची हाय. मी हेच आर्किमिडीजच्या पद्धतीनं, पाण्यात बुडवून वजन करून, ८८ टक्केच घट्ट असं काढलेलं.

जाताना म्हणाला, आमची माती घालून बघ की थोडी, लवकर पिकंल. नको रे आज्जा! मातीत सिलिका, आणि ती जरा जरी शिरली तरी कणांच्या सीमेवर काचेसारखी बसते आणि आयनला आडवी येते. अगेटच्या खलात तासन्‌तास घोटलं तरी तिथनं थोडी उतरते, अगेट म्हणजे सिलिकाच. पण लवकर पिकवायची त्याची कल्पना बरोबरच आहे. एक टक्का कोबाल्ट ऑक्साइड घातलं तर हीच पावडर १००० च्या आसपास घट्ट होते असं पेपरात आहे. तेवढ्यासाठी पाच-साडेपाच तासांत चढते, म्हणजे सकाळी लावली तर दुपारच्या आत वर पोचली. कोबाल्ट नायट्रेट मागवलंय (तापवलं की त्याचंच ऑक्साइड होतं), आलं की लावतो, पहिली चकती आज्जाकडं टिचकीला.