पहिल्या राजाची नोंद

आमच्या संदर्भग्रंथाच्या कचेरीत नोंदीचे पहिले वाक्य सर्वांत शेवटी पक्के होते. बाकीचा मजकूर तपासून झाल्याशिवाय त्या वाक्यावर कोणीच सही करत नाही. तिबेटच्या प्राचीन राजघराण्यावरील ‘यारलुंग राजवंश’ या नोंदीचे पहिले वाक्य मात्र अंतिम मुद्रिते छापखान्यात जायच्या दिवशीही अडलेले होते, आणि त्या दुपारी झालेला वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नोंदीचे लेखक वयाने आणि अधिकाराने मोठे, निवृत्त प्राध्यापक. तिबेटचा पहिला राजा न्यात्री त्सेन्पो हा महाभारतकालीन भारतीय राजपुत्र होता, असे त्यांनी निःशंकपणे लिहिले होते. माझ्या टेबलावर या वंशाची जी सर्वांत जुनी साधने होती, त्यांत हा राजपुत्र कुठेही नाही. चीनमधील तुन-हुआंगच्या गुहेतून 20व्या शतकाच्या आरंभी बाहेर आलेल्या वंशावळीत पहिला राजा देवलोकातून पर्वतशिखरावर उतरतो. तिबेटच्या कोंगपो प्रांतातील शिलालेख साधारण 9व्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे या राजवंशाची सत्ता चालू असतानाच कोरलेला. त्यातही तो देवांकडूनच येतो. दरबाराने स्वतःविषयी दगडावर कोरून ठेवलेल्या शब्दाला नोंदीत पहिला मान असलाच पाहिजे, या मतावर मी ठाम होते.

“अहो ताई, बुतोनने लिहिले आहे ते काय खोटे?” सरांनी फोनवर विचारले.

बुतोन हा तिबेटी बौद्ध पंडित. त्याचा इतिहास 1322चा, म्हणजे या साम्राज्याचे तुकडे होऊन चारशेहून अधिक वर्षे लोटल्यावरचा. शिवाय तो स्वतः सावध आहे. कोणी या राजाला कोसलच्या प्रसेनजिताच्या वंशातला म्हणतात, कोणी बिंबिसाराच्या, तर कोणी पांडवांच्या युद्धातून स्त्रीवेशाने हिमालयात निसटलेला रूपती म्हणतात, अशी निरनिराळी मते त्याने शेजारी शेजारी ठेवली आहेत. आपल्याकडच्या लेखकांनी त्यांतले सोयीचे तेवढे उचलून त्याचा सिद्धान्त केला. तिबेटचे मूळ भारतात आहे हे वाचायला आपल्या वाचकाला आवडते, आणि ही आवड भल्या भल्या अभ्यासकांची लेखणी वळवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरांचे पुढचे म्हणणे मात्र मला सहज बाजूला सारता आले नाही. बौद्ध झालेल्या तिबेटला आपला आदिराजा बुद्धाच्या भूमीतून आलेला हवासा वाटला, हाही इतिहासच नव्हे का, असे त्यांनी विचारले. ते खरेच आहे. पण तो 14व्या शतकातल्या तिबेटी मनाचा इतिहास झाला. यारलुंग खोऱ्यातल्या आरंभाचा पुरावा म्हणून तो चालणार नाही, हे मी त्यांना सांगितले. संध्याकाळी ते राजी झाले. देवलोकातून उतरण्याची कथा आधी, भारतीय मुळाची मते ‘उत्तरकालीन’ असे म्हणून नंतर, असा क्रम ठरला.

त्यासाठी वाढलेल्या ओळी कुठून तरी काढणे भाग होते, आणि आमच्या वरिष्ठांनी कात्री लावली ती नेमकी याच वंशातल्या पुढच्या एका राजाच्या, द्रिगुम त्सेन्पोच्या, परिच्छेदाला. शब्दमर्यादेच्या नावाखाली नेहमी सर्वांत सजीव मजकूर जातो, ही आमच्या पद्धतीतली जुनी खोट आहे. द्रिगुमने गर्वाने आपल्याच अंकित लोंगामला युद्धाचे आव्हान दिले. लोंगामने राजाला देवलोकाशी जोडणारा दोर तोडण्याची अट घातली, शंभर बैलांच्या शिंगांना सोन्याची भालपाती बांधली आणि पाठींवर राखेची ओझी लादली. बैल एकमेकांवर धडकले, राख उधळली, आणि त्या धुळीत राजा मारला गेला. त्याआधीचे राजे देह मागे न ठेवता आकाशात परतत. द्रिगुमपासून राजाचे प्रेत पृथ्वीवर राहू लागले.

या परंपरेतली राजांची थडगी तिबेटमधील चोंग्ये खोऱ्यात आजही उभी आहेत. तुन-हुआंगच्याच वार्षिक नोंदींत 650च्या सुमारास या वंशाचा विख्यात सम्राट स्रोंगत्सेन गाम्पो याचा उल्लेख ‘आजोबा’ असा येतो, कारण गादीवर त्याचा नातू होता, आणि आजोबांचा देह अंत्यविधीच्या दालनात ठेवल्याचे तिथे लिहिले आहे. द्रिगुमची कथा काढल्यावर त्या दालनाचे आणि थडग्यांचे आमच्या वाचकाला काहीच कळणार नाही. पुढच्या आवृत्तीसाठी द्रिगुमवर स्वतंत्र नोंद असावी, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. तिचा मसुदा सरांनीच लिहावा, अशी विनंतीही त्यांना केली आहे.