लोन संपल्यावर बड्डे

एप्रिल २०२३ चं होम लोनचं स्टेटमेंट मी अजून जपून ठेवलंय. हप्ता २१,५४०. त्यातलं व्याज २१,३०७. आणि मुद्दलात गेले किती, तर २३३ रुपये. दोनशे तेहतीस! मी नवऱ्याला म्हटलं, अरे एवढ्यात आपली चौघांची रविवारची मिसळ पण होत नाही.

झालं असं की २०२१ मध्ये नाशिकला पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा रेट होता ६.९ टक्के, २८ लाखांचं लोन, २० वर्षं. सगळे म्हणायचे एवढं स्वस्त लोन परत मिळणार नाही. नाहीच मिळालं, आम्हाला सुद्धा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ वरून साडेसहावर गेला, आमचं लोन रेपोला बांधलेलं, त्यामुळे ते पण सुटलं ते थेट ९.४ ला. हप्ता मात्र तेवढाच कापला जायचा म्हणून आम्ही निवांत, बघा आपल्याला काही झळ लागली नाही वगैरे. वाढत होती ती मुदत. त्या हप्त्याने लोन फिटायला अजून ४८ वर्षं लागणार होती, म्हणजे मी ८३ ची! मग बँकेत जाऊन हप्ता २५,९७४ करून घेतला, तेव्हा कुठे गाडी परत २०४१ वर आली.

हे एकच असतं तर ठीक होतं. फर्निचरचं ३ लाखांचं पर्सनल लोन होतं, १४ टक्क्यांनी, हप्ता १० हजार २५३. (मॉड्युलर किचनच्या त्या सॉफ्ट क्लोज ड्रॉवरशिवाय माझं काहीही अडलं नसतं, पण तेव्हा कोण ऐकतंय.) आणि क्रेडिट कार्ड. त्याच्याबद्दल लिहिताना अजून लाज वाटते.

तर मी वही घेऊन बसले आणि घरात आणीबाणी लावली. बाहेरचं खाणं बंद, फिरणं बंद, नवे कपडे दिवाळीलाच, आंबे फक्त अक्षय्य तृतीयेला आणि ते पण मोजून. तीन महिने एकदम कडक. मग जुलैत एकदा पाऊस लागला म्हणून मॉलमध्ये शिरलो आणि निघालो तेव्हा कार्डावर ९ हजारांची खरेदी झालेली होती, त्यात एक सँडविच टोस्टर, जो आमच्याकडे आधीच होता. कडक उपासाच्या दुसऱ्या दिवशी माणूस जसा जेवतो ना, तसं झालं. कार्डाचा आकडा ६८ हजार.

ऑगस्टमध्ये लेकीचा आठवा वाढदिवस. मी सांगून टाकलेलं की यंदा घरीच शिरा करू. एक दिवस ती जिन्यात मैत्रिणीला सांगत होती, अगदी सहज, तक्रार वगैरे काही नाही, "आमचं लोन संपल्यावर मी बड्डे करणारे." मी वर येऊन हिशेब केला. २०४१ ला ती २६ ची होणार.

त्या रात्री नवरा आणि मी खूप भांडलो, मग खूप वेळ गप्प बसलो, आणि मग त्याने माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. ठरलं असं की पगार झाला की हप्त्यांच्या बरोबरीने या डब्यात अडीच हजार रोख टाकायचे. उरले तर टाकू असं नाही, कारण उरत कधीच नाही. हे मजेचे पैसे. महिन्यात संपवायचे किंवा मोठ्या बेतासाठी साठवायचे, पण त्यातून किराणा नाही, गॅस नाही, लोन तर नाहीच. आणि डबा रिकामा झाला की पुढच्या पगारापर्यंत मजा फुकटातली.

पहिला डबा लेकीच्या वाढदिवसाला गेला. दहा पोरं, पावभाजी घरची, केक बाहेरचा, वर १८० रुपये उरले.

कार्डाचं सांगते, कारण तिथे आम्ही फार मोठा गाढवपणा करत होतो. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, तेवढीच भरायचो, ५ टक्के, ३,४०० रुपये, आणि वाटायचं भरतोय की! पण महिन्याचं व्याज साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ २,८०० तिथेच गेले, आकडा खाली यायचा सहाशेने. सासूबाई हे सगळं टीव्ही बघत ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं माझ्या पाटल्या वर्षानुवर्षं कपाटात झोपल्यात, जाऊ देत की बँकेत, लागू देत कामाला." मला ते अजिबात पटत नव्हतं, आमच्या माहेरी सोनं गहाण म्हणजे घरात कोणी मेल्यासारखं तोंड करतात. पण कुठे वर्षाला ४२ टक्के आणि कुठे गोल्ड लोनचे ९. कार्ड एका दिवसात बंद. दरमहा ५ हजार भरत, मध्ये एकदा रिन्यू करून, पंधरा महिन्यांनी पाटल्या घरी आल्या. सासूबाईंनी त्या घातल्या, आरशात बघितलं, आणि परत कपाटात ठेवल्या.

फिरणं तर आता आधीपेक्षा जास्त होतं. पांडवलेणी आमच्या घराजवळच आहेत आणि दोन वर्षं आम्ही एकदाही चढलो नव्हतो, आता महिन्यातून एक शनिवार सकाळी वर, उतरून पोहे. आणि एसटी! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, सासूबाई ७१ च्या, लेक बाराच्या आतली, त्यामुळे आमच्या घरात फुल तिकीट एकट्या नवऱ्याचं. तो दर वेळी कंडक्टरकडे असा बघतो की जणू त्याच्यावरच अन्याय झालाय. गेल्या थंडीत असेच सप्तशृंगी गडावर गेलो, घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर जायला ट्रॉली कारण सासूबाईंचे गुडघे. तिघींचं मिळून दीड तिकीट.

सगळं गोडगोड नाहीये. लग्नसराईत आहेरांनी डबा दोन दोन महिने बुडतो. मैत्रिणीचे व्हिएतनामचे फोटो आले की मी फोन उलटा ठेवते. नवऱ्याला बाईक बदलायची आहे, दर दसऱ्याला विषय निघतो.

पर्सनल लोन मार्च २०२५ मध्ये संपलं. मोकळे झालेले दहा हजार कुठे जाणार यावर पुन्हा मोठी चर्चा झाली, सासूबाईंसकट, आणि ठरलं की ७ हजार दरमहा होम लोनच्या मुद्दलात, ३ हजार डब्यात. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे आमच्यासारख्या व्याज वरखाली होणाऱ्या होम लोनला आधी पैसे भरले म्हणून दंड लागत नाही, फक्त भरताना 'मुदत कमी' निवडायचं, 'हप्ता कमी' नाही, हे माझं मी शिकले. त्याच सुमारास, फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये, रेपो रेट एक टक्क्याने उतरला, तेव्हा पण हप्ता तोच ठेवला. अजून साडेचोवीस लाखांच्या वर बाकी आहे. पण असंच भरत राहिलो तर २०३४ संपता संपता फिटेल.

लेकीला सांगितलं, म्हटलं आता लोन संपेल तेव्हा तू १९ ची असशील. तिने विचारलं, "मग डबा पण बंद होणार का?"

आत्ता त्यात ४,३६० आहेत. जानेवारीत हुरड्याला जायचंय, नवऱ्याने तिकिटांचा हिशेब आधीच केलाय, स्वतःचं फुल लाल पेनाने.