कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे

परदेशी पाककृती मराठीत आल्या की छापण्याआधी त्या करून पाहणं हे माझं काम. त्या सोमवारी टेबलावर तीन होत्या: ब्रिटिश लेमन मेरिंग पाय (लिंबाचं सारण भरलेला गोड पदार्थ), अमेरिकी राजम्याची चिली आणि ऑस्ट्रेलियाची अँझॅक बिस्किटं. तिन्हींचा अनुवाद एकाच हातचा, भाषा स्वच्छ. तरी दुपारपर्यंत तिन्ही फसल्या.

पायच्या सारणात 300 मिलिलिटर पाणी, 40 ग्रॅम ‘मक्याचं पीठ’ आणि दोन लिंबांचा रस होता. कितीही ढवळलं तरी मिश्रण पिवळट, जिभेला रवाळ. गार झाल्यावरही सुरीने कापण्याइतकं धरेना. मूळ पान काढलं, तर शब्द होता कॉर्नफ्लोर. ब्रिटनमध्ये, आणि आपल्या वाण्याकडेही, कॉर्नफ्लोर म्हणजे मक्यातून वेगळा काढलेला निव्वळ स्टार्च: पांढराशुभ्र, चिमटीत धरला की करकरणारा. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात. तिथे कॉर्नफ्लोर म्हणजे खरोखरच बारीक दळलेला मका. म्हणजे पाककृती अमेरिकी असती तर हाच अनुवाद बरोबर ठरला असता. पिठात स्टार्चबरोबर प्रथिनं, तंतू आणि थोडं तेलही असतं, म्हणून तेवढ्याच वजनात ते स्टार्चइतकं घट्ट होत नाही आणि काचेसारखं पारदर्शकही होत नाही.

दुसऱ्या खेपेला 40 ग्रॅम स्टार्च आधी थोड्या गार पाण्यात कालवला, उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून मिनिटभर खदखदू दिला आणि भांडं उतरवल्यावरच रस घातला. आंबटासह उकळत ठेवलं तर स्टार्च तुटतो आणि सारण पुन्हा पातळ होतं. रसाचा घोटाळा वेगळाच. भारतीय इंग्रजीत आपलं छोटं कागदी लिंबूही ‘लेमन’च, तिकडचा लेमन मोठा, पिवळा, जाड सालीचा, एकातून साधारण 45 मिलिलिटर रस निघतो. कागदी लिंबातून जेमतेम 15. ‘दोन लिंबं’ खोडून मी ‘90 मिलिलिटर रस’ केलं.

चिलीत ‘2 टेबलस्पून कोथिंबीर कोरड्या तव्यावर भाजून घ्या’ असं वाचलं आणि हात थांबला. पानं कोरडी भाजली तर करपतील. अमेरिकेत पानांना सिलँट्रो म्हणतात. नुसतं कोरिअँडर म्हटलं की धणे. ब्रिटनमध्ये दोन्हींना कोरिअँडरच, म्हणून तिथे पुढचं क्रियापद बघावं लागतं: चिरायला सांगितलं तर कोथिंबीर, भाजायला किंवा कुटायला सांगितलं तर धणे. त्याच पानावर शेवटी वरून चीज पेरून ‘उकळा’ असं होतं. मुळात ब्रॉइल होतं, बॉइल नव्हे. म्हणजे ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली खरपूस करणं. ब्रिटिश यालाच ग्रिल म्हणतात, आणि अमेरिकी ग्रिलमध्ये आच खालून असते.

अँझॅक बिस्किटांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला, कारण इथे अनुवादात एकही शब्द चुकलेला नव्हता. ओट्स, मैदा, साखर, सुकं खोबरं, 125 ग्रॅम लोणी, 2 टेबलस्पून गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट, सोनेरी पाक), 1 टीस्पून खाण्याचा सोडा, 2 टेबलस्पून उकळतं पाणी. अंडं नसतंच, सगळं बांधून ठेवतात ते लोणी, सिरप आणि पाणी. तरी गोळे वळताना भुगा होत होता. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून 20 मिलिलिटरचा असतो, आमच्या ओट्यावरचा 15 चा. सिरप आणि पाणी दोन्ही दहा-दहा मिलिलिटरने कमी पडलं होतं. टीस्पून सगळीकडे 5 चाच, त्यामुळे सोडा बरोबर पडतो आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. कपांचंही तसंच: ऑस्ट्रेलियाचा 250 मिलिलिटर, अमेरिकेचा सुमारे 237.

तेव्हापासून अनुवाद हातात आला की मी आधी देश शोधते. लोणी ‘स्टिक’मध्ये (एक स्टिक म्हणजे 113 ग्रॅम) आणि उष्णता फॅरनहाइटमध्ये असेल तर अमेरिका. ‘गॅस मार्क’ (गॅस ओव्हनच्या उष्णतेचे आकडे) आणि ग्रॅम असतील तर ब्रिटन. भोपळी मिरचीला कॅप्सिकम म्हटलं असेल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा आपल्याच देशातली पाककृती. ब्रिटिश तिला नुसतं पेपर म्हणतात, म्हणून ‘2 लाल पेपर’चे दोन लाल मिरे होऊ नयेत याकडे लक्ष ठेवते.

संध्याकाळी सिरप 40 आणि पाणी 40 मिलिलिटर घेऊन दुसरा घाणा केला. गोळे नीट वळले, 160 अंशांवर पंधरा मिनिटांत कडा तांबूस झाल्या. छापायला दिलं त्या पानावर टेबलस्पून हा शब्दच ठेवला नाही.