तापीकाठचे गळ वैतरणेच्या खाडीत

खान्देशातून खाडीवर गळ टाकायला जायचं असेल तर आधी रजेचा अर्ज देऊ नका, आधी पंचांग काढा. तापीवर, गिरणेवर किंवा हतनूरच्या फुगवट्यावर आपण रविवार बघून निघतो. धरणाचे दरवाजे उघडले नाहीत तर पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळीही असतं, आणि बसायची चिकाटी असली की झालं. खाडीत ती चिकाटी एकटी पुरत नाही. तिथलं पाणी साधारण सव्वासहा तास चढतं, तेवढाच वेळ उतरतं, आणि मासा त्या येण्याजाण्यावर जेवतो. तारीख चुकली तर चांगला तांडेल (होडीचा चालक), महागडा रॉड, ताजं आमिष, सगळं असूनही दिवस कोरडा जातो.

किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीचा हिशोब तोंडी करतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. रोज भरती साधारण दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. मुंबई-पालघरच्या किनाऱ्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेव्हा नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि तांडेलांना विचारून पक्की करा. पण दिवस निवडायला पंचांग पुरेसं आहे.

कोणता दिवस निवडायचा? पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एकदोन दिवसांत उधाण असतं. मुंबईच्या आसपास तेव्हा पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. ओढ इतकी की दोरीला बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही आणि पाणी चहासारखं गढूळ. अष्टमी-नवमीनंतर भांगाचे दिवस येतात. पाणी संथ आणि त्यातल्या त्यात स्वच्छ, लुअर (नकली आमिष) खेळवणाऱ्याला आणि लहान मुलांना सोयीचं, पण मासा हालचाल कमी करतो. आम्ही मधला दिवस धरला, पौष वद्य पंचमी. उधाण ओसरायला लागलेलं, पाण्याला ओढ होती पण झेपणारी. शिवाय ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि भरती दुपारी पावणेचारला. उतरत्या पाण्यावर निघायचं, चढत्या पाण्यावर परतायचं, सगळं उजेडात.

आम्ही चौघे होतो आणि चौघांची पायरी वेगळी. आप्पा, म्हणजे माझे चुलते, जन्म प्रकाशाला तापीच्या काठी गेलेला, बांबूच्या काठीवर रोहू-कटला काढणारे. माझा मित्र हतनूरला बेडकाच्या लुअरवर मरळ धरणारा. भाचा सातवीतला, त्याने गळ हातात कधी घेतलेला नाही. मी या सगळ्यांच्या मधला. अशी सरमिसळ मंडळी असतील तर होडी ठरवतानाच तसं सांगा. तांडेल त्याप्रमाणे जागा निवडतात, सामान काढतात.

जायला दोन वाटा आहेत. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांना सुरत लाइनची गाडी बरी. नवापूर मागे पडलं की सुरतकडे, आणि तिथून दक्षिणेला वापी, डहाणू, पालघर. धुळे-जळगावकरांनी गाडी काढली तर नाशिक, त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड करत पालघरला उतरता येतं. घाटाचा रस्ता आहे, रात्री नका करू. कुठूनही गेलात तरी आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा. आमची आदल्या दिवशी संकष्टी होती. आप्पांनी उपास गाडीतच काढला आणि सफाळ्याला मुक्कामी पोचून चंद्रोदय झाल्यावर जेवले.

वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, गोदावरीच्याच शेजारी, पण पश्चिमेला वळते आणि अर्नाळा-दातिवऱ्याजवळ समुद्राला मिळते. तिचा शेवटचा पट्टा म्हणजे रुंद खाडी, दोन्ही अंगाला तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट राई. आम्ही सातला होडीत बसलो. धक्क्याला तेव्हा पाणी होतं. आणखी दोन तासांनी आलो असतो तर गुडघाभर चिखलातून होडी गाठावी लागली असती. उधाणाच्या ओहोटीला तर काही धक्क्यांना होडी लागतच नाही. म्हणून निघायची आणि परतायची वेळ तांडेल सांगतील तीच धरा, त्यात घासाघीस करू नका.

तांडेलांनी इंजिन बंद केलं ते एका लहान ओहोळाच्या तोंडाशी. भरतीत तिवरांच्या मुळांत शिरलेलं पाणी ओहोटीला अशा ओहोळांतून खाडीत परत येतं आणि सोबत कोलंबी, बोयांची पिल्लं बाहेर काढतं. मोठा मासा तोंडाशी दबा धरून असतो. नदीवर आपण चारा टाकून मासा जागेवर आणतो. इथे चारा ओहोटी टाकते, आपण फक्त योग्य तोंडावर हजर असायचं.

आमिष लावायची रीत भाच्याला त्यांनी दोनदा दाखवली. जिवंत कोलंबी ओंजळीत ओल्या हाताने धरायची. डोक्याच्या पारदर्शक कवचातून एक काळा ठिपका दिसतो, तो टाळायचा. वर जे करवतीसारखं शिंग असतं त्याच्या मुळाशी, ठिपक्याच्या जरा पुढे, गळाचं टोक आडवं आरपार काढायचं. ठिपक्याला टोचलं की कोलंबी जागच्या जागी मरते. नीट लावलेली कोलंबी पाण्यात पोहत राहते, मागे उसळ्या मारते, आणि त्या उसळीलाच मासा येतो. पोराने तिसरी कोलंबी स्वतः लावली.

पहिला मासा त्याचाच, शिंगाळा. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांच्या मागे एकेक काटा असतो, दातेरी आणि विषारी. हतनूरचा शिंगटा हाताळलेल्या माणसाला वाटतं आपल्याला सवय आहे, पण खाडीच्या शिंगाळ्याचा काटा लागला तर हात तासन् तास ठणकतो. पक्कड आणि जाड फडकं बरोबर ठेवाच. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, त्याने वेदना उतरते. मग डॉक्टरांकडे जायचं, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. उथळ पाण्यात उतरावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, तळाला घासत चाला. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असतं, चाहूल लागली की ते निघून जातं. आणि पोट फुगवणारा केंड गळाला आला तर सोडून द्या, तो विषारी आहे, ताटात नकोच.

साडेनऊच्या सुमारास पाणी थांबलं. शिसं सरळ खाली लोंबायला लागलं, दोऱ्यांचा ताण गेला. तांडेलांनी नांगर टाकला आणि भाकऱ्या काढायला सांगितल्या. या थांबलेल्या पाण्यात मासा फारसा घेत नाही, तेव्हा जेवण इथेच उरकावं. कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा दोन दिवस टिकतो, होडीत सांडलवंड नाही. आम्ही तांडेलांनाही दिला, त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

मग पाणी फिरलं. आधी फेसाची एक रेघ समुद्राकडून आत सरकली, मग तिवराचं एक वाळकं पान होडीच्या नांगराच्या दोरीजवळून उलट दिशेने, डोंगराकडे निघालं. आप्पा त्या पानाकडे बघत उभे राहिले. "नदी उलटी चाली ऱ्हायनी रे!" ते म्हणाले. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तिथे तिचंही असंच होतं, पण प्रकाशाला बसून ते कुणी पाहिलं आहे? या एका दृश्यासाठी मी घरातल्या मोठ्या माणसांना तिथे न्या म्हणेन, मासा मिळो न मिळो.

चढत्या पाण्याचे पहिले दीड-दोन तास सगळ्यांत भरीचे. तांडेलांनी होडी खडकांच्या एका रांगेशी नेली. आप्पांच्या दोरीला तांबोशी लागली. हा मासा आमिष घेतल्याबरोबर खडकाच्या कपारीकडे धावतो, तिथे पोचला की दोरी तुटलीच समजा. रोहूला आपण दोरी देत देत दमवतो, तसं इथे चालत नाही. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच घट्ट ठेवायचा आणि पहिल्या झटक्याला त्याचं तोंड वळवायचं. तांडेल ओरडले, "बाबा, देऊ नका, ओढा!" आप्पांनी ओढली. वीतभराहून मोठी, तांबूस खवल्यांची.

मित्राच्या सॉफ्ट प्लास्टिकच्या लुअरवर जिताडा आला. जिताड्याबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, म्हणून ब्रेड लाइनच्या (विणलेल्या दोरीच्या) पुढे, गळाजवळ, हातभर लांबीचा जाड दोरा म्हणजे लीडर, निदान ४० पौंडाचा, लागतोच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जिताडा तरुणपणी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे हातात आलेला फार मोठा जिताडा ही बहुतेक अंडी देणारी मादी असते. ती पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालते. तिला फोटो काढून सोडावं असं माझं ठाम मत आहे. अगदी लहान असेल तोही सोडावा, त्याची एकदाही वीण झालेली नसते. आमचा कोपरभर लांबीचा होता. मित्राने ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन धरला, गळ पकडीने काढला आणि पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून सोडला. शेपटी दोनदा हलली आणि गेला.

दोनच्या आत धक्क्याला लागलो. तिथे आप्पांनी पिशवीतून आणलेला मक्याच्या पिठाचा गोळा काढला. खाडीत हा चालायचा नाही असं बरेच जण सांगतात, आणि जिताड्या-तांबोशीसाठी ते खरंच आहे. पण बोय पीठ खाते. बारीक गळ, हलका बुडबुड्या (तरंगता खुणेचा तुकडा), वाटाण्याएवढी गोळी आणि तळापासून वर, मध्यपाण्यात. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून आजोबा-नातवाने बोयी काढल्या. होडीचा खर्च करायचा नसेल किंवा कुणाला होडीची भीती वाटत असेल, त्याने चढत्या पाण्यावर धक्क्यावर बसून हे करावं. नदीवरचं सगळं शिक्षण इथे कामाला येतं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. मरळीसाठी वापरता तो सात फुटी रॉड चालतो. रीळ ३००० ते ४००० आकाराचं, २० ते ३० पौंडाची ब्रेड. शिसं वेगवेगळ्या वजनांचं न्या, कारण ओढ तासातासाला बदलते. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना बरेच तांडेल रॉड देतात, पण ते आधी विचारा. तसंच विचारा की भाडं माणशी आहे की होडीचं, डिझेल आणि आमिष धरलं आहे का, आणि लाइफ जॅकेट किती आहेत. लहान मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर मूल होडीत नेऊ नका, पोहता येत असलं तरी. खाडीची ओढ तापीच्या डोहासारखी नसते. पाणी माणशी तीन लिटर न्या. आपल्याला जळगावच्या उन्हाची सवय असली तरी पाण्यावरून उलटं येणारं ऊन हनुवटी आणि मान भाजतं, तेव्हा उपरणं गळ्याला गुंडाळा. सँडल मागे पट्टा असलेले, चपला चिखलात राहतात. तिवराची फांदी होडी बांधायलासुद्धा मोडू नका, कायद्याने बंदी आहे, आणि मासा वाढतो तो त्यांच्या मुळांतच.

हंगाम दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि पाऊस थांबल्यावरही काही आठवडे नदीचा गाढा लोंढा खाडीत असतो.

मासे घरी आणायचे तर पोट साफ करून, थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या थरात. रीळ-रॉड मात्र मुक्कामावरच, निघायच्या आधी गोड्या पाण्याने धुवा. ड्रॅग घट्ट करून वरून हलकी धार सोडायची, जोरात फवारा मारला तर खार आत जातो. मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवायचं. वापरलेले गळ पुन्हा पेटीत टाकू नका, एका गळाच्या गंजाने पेटीतले बाकीचे जातात.