कंगेनचा शिलालेख : शाईतली प्रत कुठवर आली

एलिसेगच्या खांबावरच्या लेखाची प्रत आता निम्म्याच्या पुढे सरकली आहे. अडकलो आहे तो अक्षरांत नाही, मधल्या रिकाम्या जागांत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा खांब ईशान्य वेल्समध्ये, थ्लांगोथ्लेन गावाजवळ, व्हॅली क्रूसिस मठापासून थोड्या अंतरावर आहे. नवव्या शतकात पॉविसचा राजा कंगेन याने तो आपल्या पणजोबाच्या, म्हणजे एलिसेगच्या, स्मरणार्थ उभारला. नाव झाले पणजोबांचे. उभारणाऱ्याला कोण विचारतो! मला मात्र कंगेनच जास्त रंजक वाटतो.

दगडावर आज वाचण्यासारखे काही उरलेले नाही. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात खांब पाडला गेला. १६९६ मध्ये वेल्श अभ्यासक एडवर्ड लॉइडने त्यावरचा लॅटिन मजकूर उतरवून घेतला, तेव्हाही बरीच अक्षरे झिजलेली होती. १७७९ मध्ये उरलेला तुकडा पुन्हा उभा केला गेला. लॉइडच्या नकलेत ३१ ओळी आहेत आणि आपली सगळी भिस्त त्या एका माणसाच्या डोळ्यांवर.

लिहायला बोरूच घेतला. देवनागरीसाठी कापलेले तिरके टोक इथे चालत नाही. त्या काळच्या वेल्श-आयरिश वळणाच्या गोल अक्षरांना टोक सरळ कापून जवळजवळ आडवे धरावे लागते. एकदा हात बसला की 'a' आणि 'e' झोकात येतात. 'g' अजून रुसलेलाच आहे, आणि एलिसेगच्या नावात तो दर वेळी येतो!

सुरुवातीच्या ओळी सोप्या, कारण ती नुसती वंशावळ आहे: कंगेन कॅडेलचा मुलगा, कॅडेल ब्रोखवेलचा, ब्रोखवेल एलिसेगचा, एलिसेग ग्विलोगचा. पुढे एलिसेगने पॉविसचा वारसा इंग्रजांच्या हातून तलवारीने आणि आगीने सोडवल्याचे येते, आणि वाचणाऱ्याने त्याच्या आत्म्याला आशीर्वाद द्यावा अशी विनंती.

खरी मेजवानी त्यानंतर. लेख घराण्याचे मूळ थेट ब्रिटनचा जुना राजा व्होर्टिगर्न याचा मुलगा ब्रिटू याच्यापर्यंत नेतो. ब्रिटूची आई सेविरा, तिचा बाप मॅक्सिमस, म्हणजे ज्याच्या बंडात ३८३ मध्ये रोमन सम्राट ग्रेशियन मारला गेला तो. ब्रिटूला संत जर्मेनसचा आशीर्वाद होता, असेही लेख सांगतो. आता हे शेजारच्या ग्विनेड या वेल्श राज्यात ८२९-३० च्या सुमारास लिहिलेल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन इतिहासग्रंथाशेजारी ठेवा. तिथे व्होर्टिगर्न म्हणजे सॅक्सनांना, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांना, घरात घेणारा खलनायक, हाच जर्मेनस त्याच्या हात धुऊन मागे लागलेला, आणि पॉविसचे राजे एका नोकराचे वंशज! माझ्या मते कंगेनचा दगड हे त्याच प्रकारच्या बोलण्याला दिलेले उत्तर आहे.

ते द्यायची निकडही होती. ८२२ मध्ये सॅक्सनांनी पॉविस ताब्यात घेतल्याची नोंद वेल्श बखरीत आहे. ८५३ मध्ये मर्सिया या इंग्रज राज्याचा राजा बर्गरेड दुसऱ्या इंग्रज राज्याची, वेसेक्सची, मदत घेऊन वेल्शांवर चालून आला. पुढच्याच सुमारास, ८५४ च्या नोंदीत, कंगेन रोममध्ये वारल्याचे येते. मग पॉविस ग्विनेडचा राजा र्‍होद्री याच्याकडे गेले. म्हणजे ज्यांच्या दरबारातून ती नोकराची कथा आली, त्यांच्याचकडे!

आता रिकाम्या जागांबद्दल. अभ्यासकांनी काही ठिकाणी सुचवलेली अक्षरे भरली तर पान देखणे दिसेल, पण लॉइडला न दिसलेले मी कशाला लिहू? तूर्त तेवढी जागा कोरी सोडतोय. सुचवलेली अक्षरे फिक्या शाईत समासात घालीन.

उरलेल्या ओळींत कॉनमार्ख येतो. राजाच्या सांगण्यावरून हे आपण लिहिले, असे त्याने स्वतःचे नाव घालून सांगितले आहे. ती ओळ लाल शाईत करावी की काळ्याच, यावर तुमचे मत हवे आहे. 'g' ची युक्ती कुणाकडे असेल तर तीही सांगा.