स्लॅब तापायच्या आत

नाशिककर रंग खेळतो तो रंगपंचमीला, धुळवडीला नाही. त्यामुळे आमच्याकडची उन्हाळ्याची आवराआवर पंचमी उरकल्याशिवाय सुरूच होत नाही. जिन्यात आणि गच्चीवर रंगीत पावलं उमटणारच असतात, आधी घासून उपयोग काय? पंचमीपासून पाडव्यापर्यंत दहा-अकरा दिवस मिळतात, तेवढ्यात जमेल ते करायचं.

आम्ही इंदिरानगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. फ्लॅट घेताना ‘हवेशीर आहे’ असं सगळ्यांनी सांगितलं होतं. हवेशीर आहेच, पण डोक्यावर स्लॅब आहे. नाशिकचा उन्हाळा दुपारी 40 अंशांच्या आसपास जातो, पण शहर सुमारे 600 मीटर उंचीवर आणि हवा कोरडी, त्यामुळे रात्री पारा चांगला खाली उतरतो. खाली पार्किंगमध्ये बसलेल्यांना दहा वाजता छान वाटत असतं आणि आम्ही मात्र पंख्याखाली घामाघूम, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता घरात सोडत असतो. म्हणून माझा हिशेब साधा आहे: दिवसाचं ऊन गच्चीवरच अडवायचं आणि रात्रीचा वारा घरात घ्यायचा. बाकीची सगळी झाडझूड जमेल तशी.

सोसायटीची परवानगी घेऊन यंदा गच्चीला चुना मारला. विकतचा उष्णतारोधक रंगही मिळतो आणि तो जास्त टिकतो, पण पहिल्याच वर्षी एवढा खर्च करायला मन होईना. आधी गच्ची झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, पावसाच्या पाण्याच्या पाइपांच्या जाळ्या मोकळ्या केल्या. त्या जाळ्यांमधून पतंगाचा मांजा आणि पानांचा लगदा एवढा निघाला की पावसाळ्यात गच्चीत पाणी का तुंबतं ते तिथेच कळलं. भेगांमध्ये व्हाइट सिमेंट भरलं.

चुना कळीचा आणला. तो भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. आणि पिंप लोखंडीच हवं, कारण पाणी चांगलंच उकळतं. खडे बुडाले, क्षणभर काहीच झालं नाही. मग तळातून बुडबुडे आले, पिंप रटरटू लागलं, वाफ निघाली आणि दगडासारखे खडे फुटून त्यांचं पीठ झालं. मुलांना बघायचं होतं, त्यांना जिन्याच्या दारातून पुढे येऊ दिलं नाही. डोळ्यांत शिंतोडा गेला तर प्रकरण गंभीर होतं, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच ढवळलं.

रात्रभर मुरल्यावर सासूबाईंच्या जुन्या सुती साडीतून गाळला, ताकाइतका पातळ केला आणि हाताला पांढरी पूड लागू नये म्हणून थोडं फेविकॉल घातलं. कुंचा हाती घेतला तो उन्हं कलल्यावर. भर उन्हात मारला तर तो धरायच्या आतच वाळतो आणि पापुद्रे सुटतात. त्याआधी फरशीवर पाणी शिंपडून घ्यायचं. पहिला हात मारताना वाटतं, नुसतं पाणीच लावतोय की काय, काहीच दिसत नाही. वाळत जातो तसा पांढरा उमटतो. दुसरा हात पहिल्याला आडवा.

खालच्या मजल्यावरचे काका फेरी मारायला वर आले. “ताई, हे काय काढलंय? एसी लावून टाका की.”

“लावलाय ना काका. पण वरनं स्लॅब तापलेला असला की तो तरी काय करणार?”

“अन् पावसात वाहून जाईल त्याचं काय?”

वाहून जाणारच. बराचसा चुना पावसाळ्यात उतरतो, पुढच्या वर्षी पुन्हा आहेच. पण संध्याकाळी स्टुलावर चढून छताला तळवा लावला तर पूर्वी चटका बसायचा, आता कोमट लागतं. एक गैरसोय मात्र आहे: दुपारी गच्ची डोळ्यांवर येते. कुरडया घालायला गेलेल्या सासूबाईंनी गॉगल मागून घेतला, आणि तो त्यांना शोभतोही.

दुसरा मोठा खर्च खिडक्यांच्या जाळ्यांवर केला, आणि माझ्या मते लोक इथेच कंजुषी करतात. रात्रीचा गार वारा फुकट आहे, पण डासांच्या भीतीने खिडक्या बंद ठेवल्या तर तो बाहेरच राहतो. जुन्या जाळ्या धुळीने इतक्या बुजल्या होत्या की हात लावला तर काळा व्हायचा. ज्या धड होत्या त्या काढून साबणाच्या पाण्यात भिजवल्या, मऊ ब्रशने घासल्या. फाटक्या बदलून घेतल्या. आता रात्री सगळं सताड उघडं असतं आणि सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पश्चिमेच्या बाल्कनीला हिरवी शेडनेट बांधली. द्राक्षवाल्यांचा आणि नर्सऱ्यांचा जिल्हा असल्यामुळे शेतीच्या दुकानात ती मीटरवर सहज कापून मिळते.

कुलर काढला. गेल्या वर्षीचं गवत क्षारांनी पांढरं आणि कडक झालं होतं. अशा गवतातून पाणी नुसतं ओघळतं, वारा गार होत नाही. गवत नवं भरलं, पंपाची जाळी साफ केली. टाकीच्या कडा मात्र घासून घासून धुतल्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. कुलर चालू झाल्यावरही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून वाळवायची. पाणी भरताना प्लग काढलेला हवा, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेलं हवं. यात आळस नको. कुलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा बसवला आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली. खोली गच्च बंद केली तर तासाभरात गाद्या दमट लागतात.

पंखे पुसले, गच्चीवरची पाण्याची टाकी धुवून घेतली, रजया उन्हात टाकून माळ्यावर गेल्या. यात सांगण्यासारखं काही नाही.

माठ मात्र बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून आणला. घेताना बोटाने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर तडा असतो. घरी आणून एक दिवस पाण्यात बुडवून ठेवला, पहिली दोन पाणी झाडांना घातली. आतून साबण लावायचा नाही. बाहेरून पांढरी खर धरू लागली की काथ्याने घासायचं, नाहीतर छिद्रं बुजतात आणि पाणी पाझरायचं थांबतं. पाझरलं नाही तर गारही होत नाही. जुन्या माठाचं तसंच झालं होतं, त्यात आता पुदिना लावलाय.

कुलरचा कारभार मृगापर्यंत. हवेत ओल आली की तो नुसती चिकचिक वाढवतो. तेव्हा गवत काढून टाकायचं, टाकी कोरडी करायची, पंप कापडात गुंडाळून आतच ठेवायचा आणि गच्चीवरच्या पाइपांच्या जाळ्या पुन्हा एकदा बघून यायच्या, कारण धुऊन निघालेला चुना तिथेच जाऊन बसतो.